आत्याने न ओलांडलेला ओढा

मी आयुष्यात एकदाच देव निर्माण केला, तोही बोरिवलीच्या जंगलात, सकाळी नऊच्या सुमारास, आणि केवळ आत्याला उठवण्यासाठी.

त्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता मला अंधेरीला मुलगी बघायला जायचं होतं. स्थळ आत्याने आणलेलं, त्यासाठी ती मुद्दाम रत्नागिरीहून आली होती. मुलीचा फोटो मी (घरच्यांच्या समजुतीप्रमाणे एकदा, प्रत्यक्षात रोज) पाहिला होता आणि हे लग्न मोडलं तर मला जेवण गेलं नसतं. मुलीचे वडील निवृत्त हेडमास्तर. पाच म्हणजे पाच, असं त्यांनी पत्रात दोनदा लिहिलं होतं. अशा दिवशी शहाणा माणूस दाढी करून घरी बसतो. मला मात्र आत्याला जंगल दाखवायचं होतं.

"गेलो त्याच वाटेने परत यायचं नाही," मी आदल्या दिवशी जाहीर केलं. "सातला बाजारातून निघायचं, डोंगराला वळसा घालायचा आणि मागाठाण्याच्या अंगाने उतरायचं. एक वाजता घरी जेवायला." बरोबर धाकटी बहीण नलू होती. तिला मी नकाशाही काढून दाखवला. नकाशात सगळं फार सोपं दिसत होतं.

दोन तास चालल्यावर एका झऱ्यापाशी आत्या जी बसली ती बसलीच.

"मी इथेच थांबते. येताना न्या मला."

"अगं, आपण इकडून परत येणारच नाही."

"असं कसं? जो जातो तो येतो."

पंधरा मिनिटं हेच चाललं. शेवटी माझं डोकं फिरलं. झऱ्याच्या मधोमध एक वाटोळा काळा दगड होता. मी म्हणालो, "आत्या, ही पिंडी पाहिलीस का? फार जुनी आहे. जागृत."

नलूने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. आत्या ताडकन उठली, पदर सावरला, दगडावर ओंजळभर पाणी घातलं, दोन रानफुलं वाहिली आणि अशी काही चालू लागली की आम्हालाच मागून पळावं लागलं! मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

साडेबाराला आम्ही शेवटच्या ओढ्यावर आलो. घोटाभर पाणी, आणि पलीकडे वीस मिनिटांवर घर. नलू ओलांडून गेलीसुद्धा. आत्या काठावर थांबली.

"हे पाणी कुठून येतं रे?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण नकाशा मी काढलेला! "सकाळी पिंडीपाशी झरा पाहिलास ना, तोच वळून इकडे येतो," मी ऐटीत सांगितलं.

"म्हणजे ही शंकराची पन्हळ," आत्या म्हणाली. "शंकराला पुरी प्रदक्षिणा नसते. पन्हळीपर्यंत यायचं आणि मागे फिरायचं. नलू, ये बघू इकडे."

"आत्या, पन्हळ देवळात असते. हा ओढा आहे."

"पाणी त्याच्या अंगावरून आलंय ना?"

तेवढ्यात एक मोळीवाली आमच्यादेखत ओढा ओलांडून गेली. "तिने कुठे पिंडी पाहिलीय?" आत्या म्हणाली. मी तिला उचलून न्यायची तयारी दाखवली. "मग दोष तुला लागेल. आज मुलगी बघायला जायचंय ना तुला?"

नलू माझ्या कानाशी लागली. "दादा, खरं सांगून टाक."

"देवाच्या नावाने थाप मारली म्हणून सांगू? संध्याकाळी अंधेरीला जाऊन ती स्वतः लग्न मोडून येईल."

"मग चल."

चाललो. आलेली सगळी वाट, उन्हातून, उपाशीपोटी. दर शंभर पावलांवर आत्या टेकायची आणि मला पाच वाजलेले दिसायचे. वाटेत त्या दगडाला पुन्हा नमस्कार झाला. मलाही करायला लावला. आतून मला त्याला लाथ मारावीशी वाटत होती.

घरी पोचलो तेव्हा सहा वाजले होते आणि अंधेरीला साडेसात. हेडमास्तर हातात घड्याळ घेऊन दारातच उभे.

"मी पाच लिहिलं होतं."

मी तोंड उघडलं, पण आत्याने आधी सुरुवात केली. मुलाने जंगलात पिंडी कशी दाखवली, घर वीस मिनिटांवर असताना देवासाठी तो कसा मागे फिरला, आणि तोंडातून कुरकुरीचा एक शब्द काढला नाही. (कुरकुर सगळी नलूने ऐकली होती. ती रस्त्याकडे बघत होती.) हेडमास्तरांनी घड्याळ खिशात ठेवलं. ते सोमवार करणारे निघाले. मग आम्हाला आत घेतलं, पाचचे पोहे साडेसातला खाऊ घातले आणि लग्न ठरवूनच सोडलं. त्या आठवड्यापासून मीही सोमवार करतो, न करून सांगतो कोणाला!

लग्नानंतर महिन्याभराने एका सोमवारी भूक अनावर झाली आणि मी कुमुदला, म्हणजे बायकोला, सगळं कबूल केलं.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती भाजी निवडत म्हणाली. "आत्या पिंडीचं सांगत होत्या आणि तुम्ही सारखे स्वतःच्या पायांकडे बघत होतात."

"तरी हो म्हणालीस?"

"म्हटलं, आत्याच्या धाकाने हा माणूस एवढं जंगल पुन्हा तुडवतो, तर बायकोच्या धाकाने काय काय करील."

तिचा हा अंदाज मला आजतागायत खोटा पाडता आलेला नाही.