घराक कुळूप नको

कणकवलीत हायवे सोडून आत वळलात की आमची आळी, आणि आळीच्या टोकाला सुगंधाकाकीचं घर. काकीचा धंदा खाज्याचा. बेसनाची जाड शेव तळायची, गुळाच्या पाकात आलं घालून घोळवायची आणि जत्रेत विकायची. कार्तिक महिना आला की गावोगावच्या जत्रा सुरू होतात. मग कढई, परात आणि गुळाच्या ढेपी टेम्पोत चढवून काकी जी निघते ती दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर परत. घरात दुसरं माणूस नाही. म्हणजे घराला कुलूप, आणि कुलूप काकीला सोसत नाही. तिन्हीसांजेला देवाकडे दिवा लागला नाही तर पाक धरत नाही, असं तिचं ठाम मत. त्यावर वाद घालणाऱ्याला ती खाजा विकत नाही.

म्हणून मागची खोली ती कॉलेजच्या मुलींना देते, आणि देते ती तिघींना. एक गावाला गेली, दुसरी तापाने पडली, तरी दिव्याला तिसरी उरते.

यंदा गौरजा, शर्मिष्ठा आणि दोडामार्गची भक्ती होती. स्टॅम्पपेपर काकीच्या भावाने केला. काकीने तो वाचलाही नाही. तिचा खरा करार झाला उंबऱ्यावर. मुली सामान घेऊन आल्या त्या दिवशी तिने नारळ ठेवला आणि घराच्या राखणदाराला, म्हणजे घर-जागा सांभाळणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घातलं, की या तिघी परीक्षा होईस्तोवर इथे राहतील आणि दिवा लावतील. मुलींनी हसत हसत ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. त्यांना ती गंमत वाटली. काकीच्या लेखी ती सही होती.

ऐन जत्रांच्या दिवसांत भक्तीला गोव्यातल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून जागा मिळाली. दोडामार्गच्या घरून रोज बसने जाता येईल अशी. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. गौरजा आणि शर्मिष्ठा तिच्यासाठी खूश होत्या, पण दोघींत ती खोली परवडणार नव्हती.

भक्तीचे वडील दाजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. कराराची प्रत वकिलाला दाखवून आणली होती. महिनाभर आधी कळवलं की झालं, आणि तो महिना आम्ही भरतो, असं त्यांनी कचेरीतल्या मराठीत नीट समजावून सांगितलं. काकीने झारा खाली ठेवला नाही.

“दाजी, कागद बाजूक ठेय, तेल लागात. कागदाचा माका काय नाय. पण राखणदाराक सांगलेला आसा. ता कसा मोडतलस?”

दाजी स्वतः आपल्या गावच्या देवळात गाऱ्हाणी घालणारा माणूस. त्यांनी कागद खिशात घातला आणि कचेरीची मराठीही त्याच्याबरोबर घातली.

“वयनी, ह्या माका कोणी सांगूकच नाय,” म्हणत त्यांनी लेकीकडे असं पाहिलं की ती फणसाच्या झाडाकडे बघायला लागली. “मगे आता सुटका कशी?”

“मी बांधलय, मीच सोडवतलय. पण देवाक तीन सांगलय. दोन घेवन तेच्या फुड्यात कशी उभी रवू?”

तेव्हा भक्तीच्या डोक्यात उजेड पडला. पाहिजे होती ती तिसरी मुलगी, आणि तीही शनिवार आला की घरी न पळणारी. तिने कॉलेज पालथं घातलं. जी ती जवळपासची, प्रत्येकीचं दप्तर शुक्रवारीच भरलेलं. शेवटी सापडली दुर्गा, लातूरची. दूरच्या नातेवाइकांकडे सोफ्यावर झोपायची आणि सुट्टी लागल्याशिवाय गावी जायची नाही.

काकीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“मासे खातंस?”

दुर्गा म्हणाली, “नाही, काकू.”

“बरा झाला. माझे वाचले. दिवो लावक येता?”

प्रश्न कळायला तिला भक्तीकडे बघावं लागलं. मग म्हणाली, “घरी वातीसुद्धा मीच वळते.”

काकीने देवाजवळचा कापसाचा डबा तिच्या हातात दिला.

रविवारी सकाळी उंबऱ्यावर पुन्हा नारळ ठेवला. भावाने कागदावर नाव बदलून आणलं होतं, तो कागद फळीवर पडला होता. आळीतले आम्ही चार जण दाजींच्या मागे उभे राहिलो. काकीने पदर खोचला.

“बा राखणदारा, ह्या भक्तीन तुका सबद दिल्यान हुतो. आज तिका त्येतसून मोकळी कर. तिच्या जाग्यार ही दुर्गा इली आसा, लांबसून. तिका आपली म्हण.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही म्हटलं. आमचं म्हणून झाल्यावर दुर्गाचं एकटीचं ‘हो महाराज’ ऐकू आलं. शर्मिष्ठा फिसकन हसली.

“गोंयात भक्तीचा बरा होवंदे. नाय झाला तर हयसर दार उघडा आसा.” मग काकी देवाकडची मान वळवून भक्तीला म्हणाली, “पण तेव्हा चुलीकडे निजाचा लागात. खाट दुर्गाक दिलय.”

सोमवारी भक्ती गोव्याच्या बसमध्ये बसली. त्याच रात्री काकीची जत्रा होती. सकाळी टेम्पोतून उतरली ती रिकामी परात घेऊनच. दाजींचा फोन आला होता, तर तिने एवढंच सांगितलं, पाक धरलो.