मामांच्या पोटातला खायचा सोडा

हसणार नसाल तर सांगतो. माझ्या बी.एस्सी.ची पार शोभा झाली ना राव, तीही सासुरवाडीत, धोंड्याच्या महिन्यात!

बहात्तर साल. संगमनेरजवळ माझी सासुरवाडी. अधिक महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, तुम्हाला माहीतच आहे. पण मला आग्रह करता करता सासऱ्यांनीच, म्हणजे मामांनी, डझनभर धोंडे रिचवले! आणि दुपारी गावच्या दूध संस्थेची सभा. मामा चेअरमनकीला उभे, आणि पोट नगाऱ्यासारखं तट्ट!

"जावईबापू, ढेकर आडकलाय. आता भाषान कसं करू?"

"मामा, मी बी.एस्सी. आहे!"

काय गरज होती, सांगा बरं? वाटीत खायचा सोडा घेतला, वर अख्खं लिंबू पिळलं. फस्स! सगळा फेस मामांच्या परीटघडीच्या धोतरावर.

"आवं, ह्ये काय केलं?" सासूबाई ओरडल्या.

"मामी, लिंबाचा रस फार कडक पडला. पाणी घातलं की क्रिया मंदावते. शास्त्र आहे!"

मग तांब्याभर पाण्यात लिंबू पिळलं, सोडा टाकला. मंदावली कसली, क्रिया झोपलीच! चार बुडबुडे आले, तेही लाजत लाजत.

"ह्यो तर पार गार पडला की," मामी म्हणाल्या.

झालं, इज्जतीचा सवाल! टाक चमचा, टाक अजून एक चमचा. मामांनी डोळे मिटून तांब्या रिकामा केला आणि आम्ही सभेला गेलो.

आता लिंबाला पुरून उरलेला तो सोडा जाणार कुठे? पोटात आम्ल तयारच बसलेलं! हे मला आठवलं कधी? सभेत पहिल्या रांगेत बसल्यावर.

विरोधी पार्टीचा एक जण उठला. "दुधात पानी घालनाऱ्यांचं काय करनार, त्ये आधी सांगा!"

मामा उठले. तोंड उघडलं. आणि असा ढेकर आला, असा ढेकर आला, की बाहेर बांधलेली म्हैस दावं तोडून पळाली!

मामांनी घाम पुसला आणि सरळ माझ्याकडे बोट केलं.

"बगा मंडळी, पानी घातलं की आसं हुतं! आन् ह्ये कुनी केलं? ह्या माझ्या जावयानं! पर पानी घालनारा घरचा आसला तरी मी गय करनार न्हाई!"

टाळ्यांचा कडकडाट! मामा बिनविरोध चेअरमन!

आणि मी? अहो, आजही सासुरवाडीत गोठ्याकडे नुसता पाय मोकळे करायला गेलो, तरी कुणीतरी लगबगीनं येऊन दुधाच्या कॅनवर बसतं.