तांब्याला टेकलेले जावई

जेवताना मी पाण्याचा तांब्या उचलला आणि जावई आमटीत पडले. लेकीने तांब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर ते परदेशात एकटेच जेवत होते. लग्नाची रजा संपताच ते गेले. तेव्हापासून दोघांची पंगत अशीच. आज तिचा व्हिसा पुन्हा नाकारला गेला. नातं खरं असल्याचा पुरावा अपुरा आहे म्हणे.

फोन पुसून पुन्हा तांब्याला टेकवत लेकीने विचारलं, "काय रे, मीठ बरोबर आहे का?"

"तू केलीयस ना? मग कमीच असणार," जावई फोनमधून म्हणाले.

मी चाखून पाहिली. खरंच कमी होतं. पण आमटी कुठल्या अर्जाला जोडायची? लेक हसली, आणि हसता हसताच ताटावरून उठून गेली.

मी पुन्हा तांब्याकडे हात नेला, तशी बायको हळूच म्हणाली, "तो राहू दे तिथेच. आपण पाण्याला दुसरा घेऊ."