पडद्यावरचा तलाव

अश्वजितला जेवणात काही आवडनिवड नव्हती. पुढ्यात येईल ते खायचा. सगळे नखरे त्याने राखून ठेवले होते संगणकाच्या पडद्यासाठी. गोंडपिपरीला बसस्टँडमागे त्याचं संगणक-दुरुस्तीचं दुकान. चंद्रपूरला शिकत असताना त्याला लिनक्स या फुकट मिळणाऱ्या संगणक-प्रणालीचा नाद लागला आणि लिनक्सवाल्यांचा तो ठरलेला रोगही जडला: पडद्याची मांडणी कुठली निवडायची? पट्टी कुठे, मेनू कुठे, खिडक्या कशा उघडाव्यात, हे सगळं तिथे आपल्या मर्जीने ठरवता येतं. त्यातली ग्नोम नावाची मांडणी त्याला मिजासखोर वाटली, केडीई लग्नाच्या मांडवासारखी नटलेली. शेवटी एक्सएफसीई या तिसरीवर मन बसलं. हलकी, मुकाट काम करणारी. पडदा काळा, खाली बारीक पट्टी, वर एकही चिन्ह नाही. "डेस्कटॉप म्हणजे आंगण होय," तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा, "आंगणात कोनी भांडे मांडून ठेवते का?"

इथवर ठीक होतं. ज्याची त्याची आवड. पण हा बाबा आपली आवड म्हणजेच जगाचा कायदा समजणाऱ्यांतला. बायकोने, खुशबूने, लॅपटॉपवर लेकीचा फोटो लावून त्यावर मोठमोठी चिन्हं पसरली, की हा तिची पाठ वळताच ती झाडून टाकायचा. "मशीन माही का तुमची?" ती चिडायची. हा हसायचा. आता त्याला ते हसणं आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

गोंडपिपरीपासून तासाभरावर एका गावात मोठा तलाव आहे, आणि त्याच्या पाळीवर ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीची एक खोली. तिथला जुना संगणक अश्वजितनेच बसवून दिला होता. संस्थेचे अध्यक्ष देवाजी यांचा महाशिवरात्रीच्या दिवसांत फोन आला, की मशीन गोगलगाय झाली आहे, येऊन बघ. तो गेला तेव्हा देवाजींशिवाय खोलीत कोणी नव्हतं. संगणकावर बसणारे दोघं, म्हातारा मुखरू आणि त्याची बारावी झालेली नात दामिनी, मार्कंड्याच्या जत्रेला गेले होते.

पडदा उघडला आणि अश्वजितच्या अंगावर काटा आला. मागे तलावाचा फोटो, टेकडीवरून काढलेला. त्यावर एकसष्ट चिन्हं वाटेल तशी सांडलेली. कुठे तिघांचा घोळका, कुठे पाण्याच्या मधोमध एकटंच एक. सगळी मोबाईलवर भरलेल्या आवाजाची, नावाच्या जागी नुसती तारीख आणि आकडे. "हा तं उकिरडा झाला," तो म्हणाला. त्याने फाईली पेनड्राइव्हवर घेतल्या, जुनं सगळं पुसलं, लिनक्स टाकलं, आपला लाडका काळा पडदा लावला आणि एकसष्टच्या एकसष्ट फाईली एका फोल्डरमध्ये तारखेवार ओळीत लावल्या. मशीन हरणागत पळायला लागली. एक फाईल गहाळ नाही. पठ्ठ्या खुशीत घरी आला.

चार दिवसांनी कौतुक ऐकायला म्हणून तो मुद्दाम गेला. मुखरूभाऊ खुर्चीत बसले होते, माऊस हातात, हात हलत नव्हता.

"माहा तलाव कुठी गेला, बाबू?"

"हा काय बाहेर!" अश्वजित हसला. मग त्याने फोल्डर उघडून दाखवलं. "सगळं आहे भाऊ यात."

म्हाताऱ्याने पहिली फाईल वाजवली. त्याचाच आवाज. 'इथी दोन पुरुष पानी रायते. तळाले दगड आहे, जाळं फाटते.' दुसरी. 'इथी उन्हाळ्यात मरळ बसते.' तिसरी. 'इथी चिखल आहे, डोंगा फसते.'

इथी म्हणजे कुठे?

तेव्हा शेजारी उभ्या दामिनीने सांगितलं. मुखरूला सहीपलीकडे अक्षर येत नव्हतं, पण माऊसने चिन्ह ओढता येतं हे त्याने हेरलं होतं. दोन वर्षं तो डोंग्यात बसून फोनवर बोलायचा, ती ते संगणकावर उतरवायची, आणि मग तो प्रत्येक चिन्ह फोटोतल्या तलावात नेमक्या त्या जागी नेऊन सोडायचा. नाव घालायची गरजच काय? पोरंसोरं कामाला तेलंगणात गेली. पुढे तलाव दामिनीलाच सांभाळायचा होता. हे सगळं तिच्यासाठी चाललं होतं.

"फिरून मांडू," मुखरूभाऊ म्हणाले. "ऐकलं का मले जागा समजते. तू फक्त तो फोटो लावून दे, अन् वर ठेवता येईन असं कर."

अर्ध्या तासाचं काम. अश्वजित त्याच वेळी करून मोकळा झाला असता तर? पण नाही. शहाणपण आडवं आलं. "भाऊ, डेस्कटॉपवर फाईली ठेवत नाई. मी तुमाले फोल्डर शिकवतो, नावं टाकून देऊ." दोन गुरुवार त्याने शिकवलं. म्हातारा मान हलवत राहिला. तिसऱ्या गुरुवारी अश्वजितला दुकानातून निघायला जमलं नाही, चौथ्याही. चैत्रातल्या उन्हात पाळीवरच मुखरूभाऊंना चक्कर आली आणि संध्याकाळपर्यंत ते गेले.

तेराव्यानंतर अश्वजितने तलावाचा फोटो लावला, चिन्हं पडद्यावर आणली. बैल गेला अन् झोपा केला. एकसष्ट चिन्हं डाव्या कडेला शिपायांसारखी ओळीत उभी राहिली, आणि तलाव रिकामा.

दामिनीच्या फोनमध्ये जुन्या पडद्याचा एक फोटो निघाला. आजा संगणकासमोर बसलेला, पाठमोरा. त्याच्या डोक्यामागे सगळा तलाव झाकलेला. वरच्या कोपऱ्यातली चार चिन्हं तेवढी वाचता आली. उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा दामिनी आणि अश्वजितने डोंग्यात बसून, बांबूने तळ चाचपत, आणखी सहा जागा शोधल्या. बाकीची एक्कावन्न अजून कडेला उभी आहेत. त्यातली एक अश्वजितला तोंडपाठ आहे. 'इथी माहा लहान भाऊ झिंगू बुडून रायला. खाली झाडाचा बुंधा आहे, त्यात पाय गुंतते. दामिनी, जाळं अडकलं तरी इथी उतरू नोको.'

परवा दोघं डोंग्यात असताना जाळं भर पाण्यात अडकलं. नवं जाळं, दामिनीने स्वतः विणलेलं. तिने ओढून पाहिलं, हिसकून पाहिलं, मग ओढणी कमरेला बांधली आणि डोंग्याच्या काठावर पाय टेकवून वळली.

"दादा, इथी उतरू का?"

लोकांच्या पडद्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर ज्याचं मत असायचं, त्या अश्वजितला झिंगूची जागा हीच की दुसरी, हे माहीत नव्हतं. त्याने डोंग्यातला विळा तिच्या हातात दिला.

"नोको. जाळं कापून टाक."