भिंतीला पालथा हात लावणारे भाऊजी

माझ्या नणंदेच्या यजमानांनी आयुष्यात दोनच गोष्टींवर पूर्ण विश्वास ठेवला. एक स्वतःच्या उजव्या हाताच्या पालथ्या बाजूवर, आणि दुसरा माझ्या नणंदेवर. बाकी सगळं जग त्यांच्या लेखी संशयित. कुणाच्याही घरी गेले की चपला काढून ते आधी स्विचबोर्डाला पालथा हात लावतात, मग घरच्यांना नमस्कार करतात. तळवा का नाही, तर शॉक बसला की मूठ आवळते आणि माणूस चिकटतो. पालथा हात झटकन मागे येतो. हे त्यांनी मला पहिल्या भेटीतच समजावून सांगितलं होतं, समोर पान वाढलेलं असताना. मी म्हटलं, "भाऊजी, वरण गार होतंय." त्यावर त्यांनी वाटीलाही पालथा हात लावून बघितला.

सुदुंबऱ्याकडच्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म विजेच्या दुरुस्तीत काढला, आणि तिथून एक नियम घरी आणला. एका पाइपात एकटी वायर असेल तर ती पूर्ण भार घेते. तिच्या जोडीला आणखी वायरी कोंबल्या की त्या एकमेकींना तापवतात आणि उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणून प्रत्येकीची ताकद कमी धरायची, किंवा जाड वायर घ्यायची. याला ते डीरेटिंग म्हणतात, आणि कारखान्याबाहेरच्या सगळ्या गोष्टींनाही लावतात. माझ्या मुलाच्या साखरपुड्यात एका शेगडीभोवती पाच आचारी बघून ते मला बाजूला घेऊन कुजबुजले, "वहिनी, हे कामाचे तीनच धरा. जेवणाला उशीर होणार." उशीर झाला. आंदर मावळात जाणाऱ्या भरगच्च जीपमध्ये ते कधी बसले नाहीत. चालत गेले आणि जीपच्या मागाहून पोचले, पण संशय सोडला नाही. नणंद एकदा वैतागून म्हणाली, "अहो, मी माहेरी चौघींत येऊन बसले की तुमच्या हिशेबाने किती उरते?" भाऊजी गडबडले. "तू या हिशेबात नाहीस," म्हणाले आणि पेपरमागे गेले.

आम्ही लोणावळ्याजवळ वलवणला चार खोल्यांचं होमस्टे काढलं, तेव्हा वायरिंग बबनने केलं. बबन आंदर मावळातला, कामाला वाघ आणि बोलायला त्याहून. भाऊजी पाहणीला आले तोवर पलस्तर होऊन गेलं होतं. त्यांनी भिंतीकडे चोरट्या पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं.

"या पाइपात काय काय घातलंय?"

"चारी खोल्यांचं गीझर, वरचं दोन हीटर आन् किचनातली इंडक्शन," बबन अभिमानाने म्हणाला. "येकाच पायपात बसवलं समदं. भिंत लय फोडाय लागली न्हाई."

"वायर किती जाडीची?"

"अडीचची. येकदम बेस्ट."

"बेस्ट एकटी असती तर! चारची हवी, आणि तीन पाइपात वाटून."

"आवो साहेब, परत्येकाला येमशीबी हाय. जास्त झालं तर खटका पडंल की."

"एमसीबी त्या एका वायरीचा करंट बघतो. शेजारणींची ऊब त्याला कोण सांगणार? तुझा मामा?"

बबन हसला. पुन्हा भिंत फोडायची माझी तयारी नव्हती आणि भाऊजींच्या संशयांवर घर चालवायचं म्हटलं तर एकाही खोलीत दिवा लागला नसता. मी विषय मिटवला. भाऊजी निघाले, पण जाताना म्हणाले, "मी इथे मुक्कामाला येणार नाही. तिलाही पाठवणार नाही." नणंद त्यांच्या मागे उभी राहून मला खुणेने 'येते गं' म्हणत होती.

पुढच्या पावसाळ्यात होमस्टे भरून वाहू लागलं. लोणावळ्याचा पावसाळा म्हणजे मीठ पाणी होतं, काड्यापेटी मऊ पडते आणि धुतलेला टॉवेल चार दिवस तसाच लोंबकळतो. अशात आमच्याकडे कामाला असलेल्या हिरामावशीला खोल्यांमधल्या बोळातल्या भिंतीवर एक जागा सापडली. तिथल्या खिळ्याला तिने फडकी अडकवली, ती दुपारपर्यंत वाळली. "ताई, हितं लय झ्याक ऊब हाय," ती म्हणाली. मग तिथे दोरी आली. दोरीवर पाहुण्यांचे मोजे आले, लहान मुलांचे स्वेटर आले. एका बाईंनी तर जाताना आवर्जून सांगितलं की तुमची ती गरम भिंत फार छान सोय आहे. सगळ्या वलवणात एवढी कोरडी फडकी कुणाकडे नसतील. मलाही भिंतीचं कौतुकच वाटत होतं.

एका शनिवारी सकाळी नणंद हट्टाने आली आणि भाऊजींना घेऊन आली. चारी खोल्यांचे पाहुणे दुपारी यायचे होते. भाऊजी बोळात शिरले, मोज्यांची रांग बघितली आणि जागच्या जागी थांबले. मोजे बाजूला सारून त्यांनी पालथा हात टेकवला. मग तो वर सरकवत गेले. भिंत सगळीकडे ओलसर, काळपट. मधोमध मात्र एक फिकट, कोरडी पट्टी सरळ छतापर्यंत गेलेली. पाइप गेला होता तिथूनच.

"वहिनी," ते इतक्या हळू आवाजात म्हणाले की मी घाबरले. "मेन बंद करा."

मी केला. पाहुण्यांना फोन करून दुसरीकडे सोय करून दिली. बबन आला, कुरकुरत भिंत फोडली, पाइप कापला. आतल्या वायरी तपकिरी पडून एकमेकींना चिकटल्या होत्या; वाकवल्यावर वरचं आवरण पापडासारखं तडकलं. बबन तिथेच उकिडवा बसला. "आयला, भाजल्यात की वो समद्या," म्हणाला. भाऊजींनी त्याला एक शब्दही सुनावला नाही. "चारची आण. तीन पाइप," एवढंच. नणंद मात्र मला म्हणाली, "आज हे रात्रभर झोपणार नाहीत. आनंदाने."

त्यानंतर भिंत गार पडली. हिरामावशी अजून हळहळते. भाऊजी दर पावसाळ्यात येऊन पालथा हात लावायचे, "थंड आहे" म्हणायचे आणि संध्याकाळी दोघं तळेगावला आपल्या घरी परत जायची. आमच्या घरात माणसं फार, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या उन्हाळ्यात नणंद गेली. या पावसाळ्यात भाऊजी एकटे आले. भिंतीकडे गेलेच नाहीत. स्वयंपाकघरात हिरामावशी, मी, सुना, नातवंडं, भाजीवाला अशी गर्दी होती, तिच्या मधोमध स्टूल ओढून बसले. संध्याकाळी मी विचारलं, "भाऊजी, भिंत बघितली नाहीत?"

"बघतो की. घाई काय आहे?" ते म्हणाले. मग बोळात जाऊन त्यांनी ओले मोजे जुन्या खिळ्याला अडकवले. "हे वाळले की निघतो."

आज सहावा दिवस. त्या भिंतीवर आता काही वाळत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शेगडीजवळ टांगले तर मोजे तासाभरात कोरडे होतील, पण मी टांगलेले नाहीत. शिवाय मला दाट संशय आहे की रोज सकाळी ते स्वतःच ते पुन्हा ओले करतात. मी चौकशी केलेली नाही.