आगराची माती

मथुराला राग चटकन येत नाही, पण आला की मुक्कामालाच येतो. धाकट्या जावेने एकदा तिचा पाटा न विचारता नेला, तर मथुराने नऊ वर्षं तिच्याशी अबोला धरला. तोही दोघींची दारं समोरासमोर असताना. कोकणातल्या खेडजवळच्या जैविक खतांच्या प्रयोगशाळेत विनीत सरांना हे कुणी आधी सांगितलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मावशींविषयी तिथे कोण कुणाला काय सांगणार?

मावशी म्हणजे मथुराच. अकरा वर्षं ती तिथे काचेच्या बश्या धुते आणि जंतूंसाठी अगर शिजवते. समुद्री शेवाळाची ती पूड पाण्यात उकळून बशीत ओतली, की खरवसासारखी थिजते आणि तिच्यावर जंतू वाढतात. नववी नापास बाई, पण बशीत काय चाललंय हे तिला शिकलेल्यांच्या आधी दिसायचं.

प्रयोगशाळेत मातीतला एक जांभळा जंतू पाळलेला होता. त्याची गंमत अशी, की एकटादुकटा असला तर तो बिनरंगाचा राहतो. प्रत्येक जंतू थोडंथोडं रसायन सोडत असतो. गर्दी वाढली, रसायन पुरेसं साचलं, की सगळ्यांना कळतं, आता आपण पुष्कळ झालो. आणि सगळे एकदम जांभळे होतात. आलं-हळद कुजवणारे जंतूही याच चालीचे. थोडे असले तर गुमान बसतात, पुरेसे जमले की मिळून कंदावर तुटून पडतात. त्यांचं हे आपसातलं बोलणंच कुणी बंद पाडलं तर? विनीत सर त्याच्याच मागे होते. तीन वर्षं हाती काही लागलं नव्हतं.

मथुराची आई मालन हिची हळद मात्र कधीच कुजत नसे. वेळणेश्वरला तिचं आगर आहे, म्हणजे नारळी-पोफळीची बाग, आणि झाडांच्या सावलीत हळदीचे वाफे. एका सोमवारी मथुराने तिथली ओंजळभर माती आणली. दुपारच्या सुट्टीत ती पाण्यात कालवून जांभळ्या जंतूंच्या बशीत थेंब टाकले. तिसऱ्या दिवशी बशी जांभळी झाली, पण एका ठिपक्याभोवती पांढरं कडं राहिलं.

"मेले असतील जंतू. टाकून द्या," सर म्हणाले.

"मेले असते तर कडं आरपार दिसलं असतं, सर. हे गढूळ हाय. जिते हायत, नुस्ते गप झालेत."

सरांनी बशी उजेडात धरली आणि घेऊनच गेले. माती कुठची, हे त्यांनी विचारलंही नाही.

सहा महिन्यांनी शोधनिबंध छापून आला. नाव एकट्या विनीत सरांचं. आणि माती कुठली? तर सरांनी स्वतः खेडच्या कातळावरून गोळा केलेली! पाहुणे जमले, पेढे वाटले, एक मथुराच्या हातावरही ठेवला.

"सर, ती बशी मी लावली होती..." ती म्हणाली.

सर पाहुण्यांकडे वळून हसले. "आमच्या मावशींना वाटतं, बश्या धुतल्या की शोध लागतो."

सगळे हसले. मथुराच्या अंगाची लाही लाही झाली. तिने पेढा बाहेर नेऊन कुत्र्याला घातला.

उरलेली माती तिने एका पत्र्याच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवली होती आणि वर लिहिलं होतं, 'आगर'. पुढच्या आठवड्यात सरांनी फ्रिज आवरायला काढला. सर पुण्याचे. त्यांना अगर ठाऊक होतं, आगर नव्हतं.

"मावशी, अगरला काना कशाला? आणि हे जुनंपानं कशाला साठवलंय? फेका."

"सर, आगर हाय त्यात."

"तेच म्हणतोय ना मी. फेका!"

आणखी एक वाक्य पुरलं असतं. मथुरा ते बोलली नाही. तिने डबा फाटकाजवळच्या जास्वंदीखाली रिकामा केला, घासून पालथा घातला, आणि घरी जाताना खुशीत चार बांगडे जास्त घेतले.

श्रावणात सलग तीन दिवस वीज गेली. डीप फ्रीजर बंद पडला, कडं करणाऱ्या जंतूंच्या साठवलेल्या नळ्या नासल्या. वाचलेले जंतू कडं करीनात. मुंबईची एक कंपनी त्यांच्यापासून आल्या-हळदीला लावायची पूड काढणार होती. तिची माणसं दिवाळीनंतर यायची होती. सर कुदळ घेऊन कातळावर धावले. छापलं तेच होतं ना! आठवड्याला वीस-वीस पिशव्या येऊ लागल्या. मथुरा प्रत्येक पिशवीतली माती मन लावून बशीत पेरी. कामात तिने तसूभर कसूर केली नाही.

"काय नाय सर, सगळी जांभळीच," असं रोज सकाळी सांगताना तिला आतून गुदगुल्या होत.

कंपनीची माणसं आली, जांभळ्या बश्या बघून, अर्धा चहा टाकून गेली. मग सर मथुराच्या मोरीपाशी आले. चेहरा पार उतरलेला.

"मावशी, ती पहिली माती तुम्ही आणली होतीत. कुठची होती? मी दुरुस्ती छापतो. तुमचं नाव पहिलं घालतो."

मथुराचा हात थांबला. हेच तर हवं होतं तिला. वेळणेश्वर, हा शब्द अगदी ओठांवर होता. सरांनी खिशातून पेन काढलं.

"पूर्ण नाव काय तुमचं?"

अकरा वर्षं. दर महिन्याला तिच्या हजेरीच्या कागदावर सही हेच करत होते.

मथुराने नळ सोडला आणि पुढची बशी घासायला घेतली. कागदावर आपलं नाव आता कधीच येणार नाही, हे तिला लख्ख कळत होतं, आणि त्याचं वाईटही वाटत होतं.

"नाव ऱ्हाऊ दे, सर. माती कातळावरचीच होती. तुम्ही बरोबर लिवलंत. जरा आणखी खोल खणा."

सरांनी ते लिहून घेतलं.