अर्धी मात्रा उशिरा

टाळ्या वाजवा, आपसात बोला, हसा, पण ओरडू नका, एवढं साधं सांगितलेलं होतं. फर्निचरच्या दुकानामागच्या त्या रेकॉर्डिंगच्या खोलीत आमच्या गल्लीतली पंधरा-वीस माणसं त्यासाठीच तर कोंबली होती. रेकॉर्डवर पार्टी चालली आहे असं वाटायला हवं होतं, आणि शेजारी फुकट मिळतात. सगळ्यांनी मान डोलावली. ओटिलिया बेरुमेननेही डोलावली. मग तिचा धाकटा भाऊ लेंचो याने गाणं मध्येच तोडलं, दोन मात्रा सगळं चिडीचूप झालं, आणि तो पुन्हा गायला लागला तेवढ्यात ओटिलियाने आरोळी ठोकली. शांततेत नव्हे. शांतता संपल्यावर, अर्धी मात्रा उशिरा, भावाच्या पहिल्या शब्दाच्या बरोबर डोक्यावर.

टेपच्या यंत्रापाशी बसलेल्या माणसाने कपाळावर हात मारला.

"ताई, काय केलंस हे?" गाणं संपल्यावर लेंचो म्हणाला.

"काय केलं? बाबा ओरडायचे तशी ओरडले."

"ओरडायचं नव्हतं ना पण."

"मग असलं वाजवायचं नव्हतंस."

पुन्हा वाजवायला टेप शिल्लक नव्हती, आणि खोली पुढे कुठल्याशा चर्चच्या गायकांना दिलेली. ते दाराबाहेर घसे साफ करत उभे होते. चुकीसकट गाणं तसंच राहिलं.

आता, आरोळी कशी द्यायची हे आमच्या पूर्व लॉस एंजेलिसमध्ये कोणी कोणाला शिकवत नाही. लग्नात, बारशात गाणं काळजात घुसलं की ती निघते, आणि गाणाऱ्याच्या नाही, ऐकणाऱ्याच्या पोटातून. खालून सुरू होते, कोल्ह्यासारखी चढत जाते आणि वर जाऊन हसू की रडू असं होऊन फुटते. घराघराची वेगळी असते. बेरुमेनांची उशिरा यायची. ओटिलियाचे वडील, डॉन आन्सेल्मो, रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावणाऱ्या टोळीत होते. एक कान ठार गेलेला, दुसरा निम्मा. गाणं थांबलं हे त्यांना इतरांच्या चेहऱ्यांवरून कळायचं, आणि चेहरे न्याहाळेपर्यंत शांतता संपून वर अर्धी मात्रा निघून गेलेली असायची. लेकीने तीच रीत समजून उचलली. म्हातारा गेल्यावर घरात आरोळी देणारी ती एकटी उरली. लेंचोही द्यायचा कधी कधी, पण त्याची वेळेवर पडायची, म्हणून ती घरात कोणी धरत नसे.

त्या उन्हाळ्यात ते गाणं इंग्रजी रेडिओवर वाजायला लागलं. आमच्या स्पॅनिश रेडिओवर वाजलं तर नवल नव्हतं. पण डोंगरापलीकडच्या, पोहण्याचे तलाव असलेल्या घरांतली पोरं फोन करकरून ते मागायला लागली. "ते ओरडण्याचं गाणं लावा," म्हणायची. गाण्याचं नाव कोणालाच आठवत नव्हतं.

मग हॉलीवूडहून प्रुइट नावाचा माणूस आला. करकरीत कोट आणि दात फार. त्याने लेंचोच्या बँडशी करार केला आणि पहिल्या झटक्यात नाव बदललं. बँडचं नाव होतं लॉस चापुलिनेस, म्हणजे नाकतोडे. ते झालं 'द वेस्टबरी लॉर्ड्स'. इंग्लंडच्या बँडवाल्या पोरांचा जोर होता तेव्हा, अमेरिकेत तेच खपत होतं. रेकॉर्डच्या कव्हरवर आमच्या सहा पोरांऐवजी एक किल्ला छापला. लॉर्डांपैकी दोघे टायरच्या कारखान्यात होते, तिघे गाड्या रंगवायचे, आणि लेंचो बहिणीबरोबर तोर्तियाच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, दुकानात चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका दळायचा.

नावावरून ओटिलिया चिडली नाही. "बैल म्हणवून घ्या की, मला काय," म्हणाली. तिने एकच गोष्ट मागितली. "जिथे कुठे गाल तिथे गाण्याआधी एक वाक्य बोलायचं. ही आरोळी आमच्या बाबांची, आणि दिली माझ्या बहिणीने. बास."

"बोलतो की. त्यात काय एवढं. टीव्हीवर जायचंय ना, तिथेच बोलतो."

टीव्हीवरच्या त्या नाचाच्या कार्यक्रमाच्या दिवशी सगळी गल्ली बेरुमेनांच्या पुढच्या खोलीत गोळा झाली. ओटिलियाची आई, दोन्या कुका, शेजाऱ्यांना कॉफी देऊन देऊन दमली. पडद्यावर लॉर्ड आले, गळ्यापाशी झालरी लावलेले. शेजारी एका चौथऱ्यावर एक सोनेरी केसांची पोरगी उभी होती. निवेदक म्हणाला, "आणि ही डार्लीन, आपली लाडकी ओरडणारी मुलगी." वाक्य असं तेवढंच झालं. लेंचो गप्प.

आता त्या कार्यक्रमात खरं कोणी गात नसे. रेकॉर्ड लावायची आणि समोर तोंडं हलवायची. गाणं थांबलं. डार्लीनने, कुठल्याही शहाण्या माणसाने उघडलं असतं तिथे, म्हणजे शांततेत, तोंड उघडलं. आवाज नाही. बिचारी तोंड वासून उभी राहिली, मग तिने ते मिटलं, आणि मिटलेल्या तोंडातून ओटिलियाची आरोळी अख्ख्या अमेरिकेत घुमली.

"अगं, त्या पोरीच्या पोटात बसलीस की काय तू?" दोन्या कुका म्हणाली.

खोली हसून हसून लोळली. ओटिलिया उठली, टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "घरी जा सगळे." कॉफीचे कप हातात तसेच घेऊन माणसं पांगली. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती, आणि अशा वेळी तिच्याशी हुज्जत घालायची आमच्या गल्लीत पद्धत नाही.

लेंचो आला तेव्हा त्याच्या कॉलरला अजून पावडर होती.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"आदल्या दिवशी कळलं गं."

"आदल्या दिवशी तू इथेच जेवलास. तीन वेळा वाढून घेतलंस. तोंड त्यासाठी बरं उघडलं."

"ताई, करारात आहे. आम्ही कुठले, कोणाचे, काही बोलायचं नाही. मी काय करणार?"

"बाबांनी कान घालवला रेल्वेपायी. रेल्वेने त्यांना काय दिलं माहितीये? एक घड्याळ. बहिऱ्या माणसाला घड्याळ, बघायला तरी येतं. तू मला तेवढंही दिलं नाहीस."

लेंचो मान खाली घालून बसला. चेहरा दुःखी केला की बहीण विरघळते, हे त्याला लहानपणापासून पाठ होतं. त्या दिवशी ती विरघळली नाही, भांडी आदळत राहिली.

सोमवारी प्रुइट स्वतः दुकानात आला. समुद्रकाठच्या मोठ्या नाचघरात रविवारी दुपारी कार्यक्रम होता, आणि तिथे रेकॉर्ड चालणार नव्हती, खरंच गायचं होतं. डार्लीनने आठवडाभर आरोळीचा सराव करून घसा बसवून घेतला होता. यंत्रातून तोर्तिया धडाधड पडत होत्या, ओटिलिया त्या उचलून चवड लावत होती. तिने हात थांबवला नाही.

"तुम्ही फक्त पडद्यामागे उभं राहायचं, मिस ओटिलिया."

"आणि पडद्यापुढे?"

"पुढे डार्लीन. पोरं तिला ओळखतात."

"मला नाही ओळखत?"

"तुमच्या आवाजाला ओळखतात," प्रुइट सगळे दात दाखवून म्हणाला. "आता त्या आवाजाला आम्ही एक चेहरा देतोय, एवढंच."

"माझा आहे की एक. चांगला धुतलेला आहे."

प्रुइट हसला, कारण त्याला ही थट्टा वाटली. मग लेंचोने तिला मागच्या बाजूला, मक्याच्या पोत्यांपाशी नेलं. रविवार नीट पार पडला तर तीस गावांचा दौरा होता. नाही पडला तर पुन्हा हीच पोती. "ताई, तुझ्या पाया पडतो," म्हणाला.

"वाक्य बोलणार?"

"करार..."

"वाक्य बोलणार की नाही?"

लेंचोने वळून प्रुइटकडे पाहिलं. तो यंत्रातून पडलेली एक तोर्तिया बोटांच्या टोकाने उचलून बघत होता.

"बोलतो," लेंचो हळूच म्हणाला. "शप्पथ. आपल्या बाबांची."

रविवारी पडद्यामागे धूळ होती आणि उन्हासाठी अंगाला चोपडलेल्या नारळाच्या तेलाचा वास होता, कारण समोरची दोन हजार पोरं तशीच समुद्रावरून उठून आली होती. डार्लीन बाहेर जाण्याआधी बसक्या आवाजात ओटिलियाला म्हणाली, "ते इतकं उशिरा का येतं? मी मोजून मोजून वेडी झाले." ओटिलियाने तिच्याकडे पाहिलं. ही पोरगी तिच्यासारखीच दुसऱ्याच्या सांगण्यावरून उभी होती, पण त्या दिवशी दया वाटून घ्यायला ओटिलियाकडे जागा नव्हती. "मोजायचं नसतं," ती एवढंच बोलली.

लेंचो माइकपाशी गेला. ओटिलियाला फटीतून त्याची पाठ दिसत होती. तो घसा खाकरला. मग कुठूनसे शिकलेले इंग्लंडी उच्चार काढत म्हणाला, "नमस्कार मंडळी, आम्ही वेस्टबरी लॉर्ड्स." आणि गाणं सुरू केलं.

तिने तिथेच ठरवलं. आवाज द्यायचा नाही. त्याने गाणं तोडावं, डार्लीनने तोंड उघडावं, आणि दोन हजार पोरांसमोर काहीच येऊ नये. मग कळेल त्याला, बापाची शपथ काय असते. गाणं चढत गेलं. तिने दात आवळले, पदर तोंडात कोंबावा तशी शालीची कड दातांत धरली. गाणं तुटलं. एक मात्रा. दोन मात्रा. लेंचोने तोंड उघडलं.

आणि अर्धी मात्रा उशिरा, सगळं नाचघर ओरडलं.

दोन हजार गळे. खालून सुरू झालेली, कोल्ह्यासारखी चढणारी, वर जाऊन फुटणारी तीच आरोळी, रेडिओवरून ऐकून ऐकून पाठ केलेली, एकाची चूक नाही. सोनेरी केसांची, लाल नाकांची, पोहण्याच्या तलावांच्या घरांतली ती पोरं एका बहिऱ्या माणसाच्या मापाने ओरडत होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. डार्लीनने तोंड उघडलं की नाही हे कोणी पाहिलंच नाही. ओटिलिया गप्प राहिली हे तर कोणाला कळायचं कारणच नव्हतं.

प्रुइट पडद्याआड धावत आला. "वा, मिस ओटिलिया," म्हणाला, "आज तर कमाल केलीत तुम्ही."

त्याच्या थोबाडीत मारण्यासाठी तिने हात उचलला होता असं काही जण सांगतात. खरं म्हणजे तिने शाल खांद्यावर टाकली, मागच्या दाराने बाहेर पडली आणि तीन बस बदलून घरी आली. चिडायला समोर कोणी तरी लागतं. दोन हजार पोरांवर चिडून काय करायचं? ती उभ्या उभ्या त्यांच्यावरही चिडली म्हणा. पण पुरेना.

दौरा झाला. लेंचो नाताळात परतला तेव्हा त्याचे केस कानांवर आले होते. चर्चच्या हॉलमध्ये चुलतभावाचं लग्न होतं आणि लॉर्ड त्या दिवसापुरते पुन्हा नाकतोडे झाले. म्हाताऱ्यांसाठी पोल्का, म्हणजे जुन्या नाचाच्या चाली, वाजवायला लागले. एक डॉन आन्सेल्मोंच्या आवडीची निघाली. ओटिलियाने ठरवून काही केलं नाही. आरोळी आली ती आली, नेहमीच्या ठिकाणी, नेहमीएवढी उशिरा.

शेजारच्यांची योली, तेरा वर्षांची, धावत तिच्यापाशी आली. डोळे चमकत होते.

"ओटिलियाताई, काय जमलंय तुला. अगदी लॉर्ड्सच्या रेकॉर्डवर आहे ना, तस्संच."

ओटिलियाने खांद्यावरची शाल सारखी केली.

"शेवटी जरासं आणखी वर न्यायला हवं. माझ्याकडे रेकॉर्ड आहे, नेतेस का? चार दिवस ऐक, येईल तुला."

लेंचो दोन पावलांवर रुमालाने मान पुसत उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"इकडे ये," ओटिलिया म्हणाली. "सांग हिला."

"काय सांगू?"

"तेच वाक्य. इथे प्रुइट नाही, करार नाही, पोरगी आपल्या गल्लीतली आहे. सांग."

लेंचोने योलीकडे पाहिलं. तिच्यामागे आणखी सात-आठ पोरी सही घ्यायला थांबल्या होत्या, आणि त्या सगळ्या त्याच्याकडे लॉर्डाकडे बघावं तशा बघत होत्या. त्याने ओठ ओले केले.

"उद्या सांगतो, ताई. आता वाजवायचंय."

"आत्ता, लेंचो."

"बोलावतायत बघ तिकडे," म्हणत तो निघाला. कोणी बोलावत नव्हतं.

लॉर्डांचं पुढचं एकही गाणं चाललं नाही. लेंचो आता विम्याची कामं करतो, टक्कल पडलंय, नाचघरांच्या गोष्टी सांगतो. चांगल्याच सांगतो, नातवंडं ऐकत बसतात. त्यांत आरोळी येते, सांगताना तो ती देऊनही दाखवतो, आता उशिराच देतो. कोणाची, ते येत नाही. दुकान ओटिलिया चालवते. दर रविवारी लेंचो तोर्तिया घ्यायला येतो आणि ती काउंटरवरून विचारते, "वाक्य आणलंस?"

"अगं ताई, अजून तेच घेऊन बसलीस?"

मग ती यंत्राखालची वाफाळणारी चवड बाजूला सारते, आणि त्याला कालच्या देते.